प्रेक्षक : एक

गायधनी माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते कॉम्प्युटरसाठी नाही, घड्याळामुळे. सातपूर कॉलनीत माझं सायबर कॅफे सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एका दुपारी साठीचे एक गृहस्थ दारात थांबले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे."

"असू दे," मी म्हटलं. "तेवढंच गिऱ्हाईक वेळेवर उठतं."

"मग ते घड्याळ नाही. शोभेची वस्तू आहे."

एवढं बोलून ते गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत दारात. मी घड्याळाला हात लावला नव्हता. ते पुन्हा तेच वाक्य बोलले आणि पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढून घड्याळ बरोबर लावलं, कारण रोज तेच ऐकायला मला वेळ नव्हता. त्या दुपारी ते आत आले, खिशातून पिवळं फडकं काढून चार नंबरच्या मशीनचा माउस पुसला आणि बसले.

तेव्हापासून सहा वर्षं, रविवार सोडून, गायधनी दुपारी साडेबाराला येत आणि एकला उठत. एक वाजून एक मिनिट कधी झालं नाही. सोबत स्टीलचा डबा असे. त्यात बाजरीची भाकरी, एखादी कोरडी भाजी आणि वेगळ्या झाकणात शेंगदाण्याची चटणी. कॅफेत खायला मनाई आहे अशी पाटी मी स्वतः लिहून लावली होती. ती त्यांनी वाचली आणि विचारलं, "सांडलं तर खराब होतं म्हणून ना?" मी हो म्हटलं. "माझं सांडत नाही," ते म्हणाले. आणि खरंच, सहा वर्षांत एक तीळ सांडला नाही.

ते सातपूरच्याच एका कारखान्यात गेज रूमला होते. गेज रूम म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं. तयार झालेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही ते तपासायची खोली, बारा महिने एकाच तापमानाला ठेवलेली. भोक तपासायला एक दांडी असते. तिचं एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं आत जाताच कामा नये. पहिल्याला म्हणायचं गो, दुसऱ्याला नो-गो. दुसरं टोक आत गेलं की माल बाद. कारखान्यातले लोक गायधनींनाच नो-गो म्हणत. हे त्यांनी नाही सांगितलं. त्यांच्याच कारखान्यात लेथवर असलेले आणि नंतर रिक्षा चालवायला लागलेले एक गृहस्थ झेरॉक्सला येत, त्यांनी सांगितलं.

"नो-गो तुमच्याकडं बसतो व्हय? लय खडूस माणूस हाय, ताई. सख्ख्या मेव्हण्याचे चाळीस नग बाद केले त्यानं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम कशाचं! नगावर कामगाराचं नाव लिहिलेलं राहायचं. हा मापायच्या आधी नावावर पट्टी चिकटवायचा. माप झालं, शिक्का मारला, मगच पट्टी काढायची. पट्टी काढली, तर खाली मेव्हणा. बायको महिनाभर बोलली नाय म्हणे."

ही पट्टीची गोष्ट मी एकदा गायधनींना विचारली. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मापताना नाव बघायचं नसतं. नाव बघितलं की हात हलतो." आणि थोड्या वेळाने, "बावीस दिवस. महिना नाही."

त्यांना 'अंदाजे' या शब्दाचा राग होता. कोणी म्हटलं, अंदाजे तासभर बसलो, की ते मान न वळवता विचारत, "अंदाजे म्हणजे किती?" मी त्यांना एकदा सहज विचारलं, पत्नीला जाऊन किती वर्षं झाली. उत्तर वर्षं, महिने आणि दिवसांत आलं. मुलगी धुळ्याला दिलेली. घरी ते एकटेच, स्वयंपाक स्वतःचा. एवढीच माहिती मला सहा वर्षांत मिळाली आणि मी जास्त विचारली नाही.

माझ्याकडे ते बुद्धिबळ खेळायला येत. कारखान्यात एकोणीस वर्षं ते जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळ खेळले होते, एकाच माणसाशी. त्या माणसाचं नाव सोनटक्के. ते स्टोअर्समध्ये होते. स्टोअर्सच्या मागे एक उपडा खोका, त्यावर पट. साडेबारा ते एक. भोंगा झाला की डाव जिथे असेल तिथे थांबायचा, सोंगट्यांच्या जागा कागदावर लिहून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. चारांतले तीन डाव गायधनी जिंकत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखाना आटला, दोघांनीही व्हीआरएस घेतली. सोनटक्के मुलीकडे रायपूरला गेले. गायधनी इथेच राहिले. मग पोस्टकार्डं सुरू झाली. महिन्याला एक इकडून, एक तिकडून.

माझ्याकडे कॉलेजची मुलं एका साइटवर बुद्धिबळ खेळत. गायधनींना मी तिथेच बसवून दिलं. जगात कुठेतरी बसलेला एक माणूस समोर खेळतो, ही गोष्ट त्यांनी फारसं आश्चर्य न करता स्वीकारली. त्यांना आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. प्रत्येक नावापुढे एक आकडा होता.

"हे काय?"

"रेटिंग," मी म्हटलं. "कोण किती चांगला खेळतो ते."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "म्हणजे माप आहे?"

तीन महिन्यांत त्यांचा आकडा चौदाशे नव्वदवर येऊन थांबला. त्यांना तो आवडला. साठ वर्षांत त्यांनी लाखो वस्तू मापल्या असतील. त्यांना स्वतःला कोणी मापलं नव्हतं. त्यांनी तो आकडा पोस्टकार्डावर लिहून रायपूरला कळवला.

उत्तर आलं ते त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवलं. सोनटक्क्यांचं अक्षर मोठं, उतरतं. 'मीही दीड वर्षापासून खेळतोय. जावयाने घरी कॉम्प्युटर घेतला आहे. माझी साइट वेगळी. तिथे माझं नाव स्टोअर्स. माझे १८७४.'

"अठराशे चौऱ्याहत्तर," गायधनी म्हणाले. "सोनटक्क्याचे. चारांत तीन डाव हरायचा तो."

त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दोनशे पानी वही घेऊन आले. साइट वेगळी म्हणजे मोजपट्टी वेगळी, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यात दोन मायक्रोमीटर वेगळे आकडे दाखवायला लागले तर एकच नग दोन्हींत धरून बघायचा. तसं त्यांनी केलं. दोन्ही साइटवर एकाच नावाने खेळणारे लोक शोधायला सुरुवात केली. नाव सारखं दिसलं की मला सांगत, आणि मी इंग्रजीत विचारून देई: तिकडचे ते तुम्हीच का? काही लोक हो म्हणत, काही उत्तर देत नसत, एकाने मला शिवी दिली. पाच महिन्यांत सत्तावीस माणसं जमली. वहीत सत्तावीस ओळी, दोन रकाने, तिसऱ्यात फरक.

"इथल्यापेक्षा तिथे दोनशे जास्त," ते एक दिवस म्हणाले. "पण सगळीकडे सारखे नाहीत. वरच्या लोकांत फरक कमी, खालच्या लोकांत जास्त. पट्टी रबराची आहे, ताई."

"असं का?"

"एके ठिकाणी नवा माणूस बाराशेपासून सुरू होतो, दुसरीकडे पंधराशेपासून. एके ठिकाणी शिकाऊ मुलं जास्त, दुसरीकडे मुरलेले. आकडा माणसाचा नसतोच. आजूबाजूला कोण बसलंय त्याचा असतो." त्यांनी वही मिटली. "आमच्याकडे सगळ्या गेजांच्या वर एक मास्टर असायचा, काचेच्या कपाटात. शंका आली की त्याच्याशी लावून बघायचं. इथे मास्टरच नाही. माणसं माणसांवरून मापतात."

हे त्यांना चालणारं नव्हतं. शिवाय हिशेब लावूनही त्यांचे तिकडचे सतराशेच होत होते. सोनटक्के तरी वरच.

मी व्यवहारी बाई आहे. म्हटलं, "काका, पाच महिने वही भरण्यापेक्षा त्यांच्या साइटवर जा आणि त्यांच्याशीच खेळा ना."

ते म्हणाले, "त्याने लिहिलंय का कुठे, की ये, खेळू?"

पोस्टकार्डं मी वाचलेली होती. रायपूरचा उन्हाळा होता, नातीची शाळा होती, गुडघे होते, १८७४ होते. 'ये, खेळू' कुठेच नव्हतं.

आठवडाभराने मात्र त्यांनी मला दुसऱ्या साइटवर नाव नोंदवायला सांगितलं. कोणतं नाव देऊ, विचारलं तर म्हणाले, "कोणाचंही नको." मी समोर दिसलं ते टाकलं: मशीन चार.

"नावावर पट्टी लावली," ते म्हणाले. मला तेव्हा कळलं, हे काय चाललंय.

महिना-दीड महिन्यात मशीन चार सतराशेवर पोहोचलं. वहीचा हिशेब बरोबर निघाला, त्याचा आनंद त्यांना दोन दिवस पुरला. मग एका सोमवारी साडेबाराला त्यांनी 'स्टोअर्स'ला आव्हान पाठवलं. सोनटक्के हजर होते. तेही साडेबारालाच खेळायला बसत. नऊशे किलोमीटरवर दोन म्हातारे अजून त्याच भोंग्याने जेवत होते.

डाव सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात शब्द उमटले: नमस्ते. कहाँ से?

गायधनींनी कळफलकावरून हात उचलून मांडीवर ठेवले. उत्तर दिलं नाही. पंधरा चालींनंतर ते पुटपुटले, "अजून उंट आधी काढतो, गाढव." एक वाजायला चार मिनिटं असताना ते जिंकले.

पुढचे दोन महिने रोज हे चाललं. चारांत तीन. अगदी खोक्यावरच्यासारखं. मशीन चार वर चढत गेलं, सतराशे ऐंशी, अठराशे वीस, आणि स्टोअर्स खाली येत गेलं. एकाला मिळणारे गुण दुसऱ्याचे कापले जातात, हे मला तेव्हा समजलं. गायधनींना अर्थातच आधीपासून माहीत होतं. ते तेव्हा खुशीत असत. एकदा तर मला म्हणाले, "ताई, तुमच्या घड्याळाने मन लावून काम केलं आज." त्यांच्या परीने तो विनोद होता.

मग पोस्टकार्ड आलं. त्यांनी ते वाचलं, माझ्यासमोर ठेवलं आणि चार नंबरवर जाऊन मशीन सुरू न करता बसले.

'गायधनी, तुला म्हणून सांगतो. कोणीतरी मशीन चार नावाचा आहे. एक शब्द बोलत नाही. रोज येतो आणि मला फोडतो. १७३० वर आलो. इथे जावयाच्या घरात आपलं असं काय असतं? पण रोज रात्री जेवताना जावई विचारायचा, बाबा आज किती? मी सांगायचो, तो ऑफिसातल्या लोकांना सांगायचा, आमच्या सासऱ्यांचे इतके. परवा विचारलं तर मी म्हटलं, बघितलं नाही. काल त्याने विचारलंच नाही. बंद करावं म्हणतो. डोकं उतरलं माझं.'

मी वाचून कार्ड परत दिलं. "आता तरी सांगा त्यांना," मी म्हटलं. "की बाबा, तो मीच. डोकं नाही उतरलं, समोर जुनाच माणूस आहे."

"ते सांगितलं तर काय होईल? चारांत तीन हरत होता तो, अजून हरतो, हे होईल." त्यांनी कार्ड वहीत ठेवलं. "म्हणून तर त्याने बोलावलं नव्हतं."

साडेबाराला त्यांनी मशीन सुरू केलं. मला बुद्धिबळातलं काही कळत नाही, पण माणूस कसा बसलाय ते कळतं. एरवी ते झटपट चाल करत आणि घास खात. त्या दिवशी डबा बंदच राहिला. एकेका चालीला ते कपाळावर बोट ठेवून बसत. जिंकताना मी त्यांना इतका विचार करताना कधी पाहिलं नव्हतं. एकला पाच कमी असताना ते हरले. कोपऱ्यात सोनटक्क्यांचे शब्द आले: अच्छा खेले.

गायधनी माझ्या काउंटरपाशी आले. "हत्ती फुकट दिला असता तर ओळखलं असतं त्याने. तीन प्यादी बारीक बारीक चुकवली. मापात दिसतील अशी. बाद नग पास केला आज. पहिला."

"पाणी देऊ?"

"नको."

ते रोज हरू लागले. मध्ये एखादा डाव जिंकत, संशय नको म्हणून. ते कोणत्या दिवशी, हेही वहीत लिहिलेलं असे. सोनटक्क्यांची पोस्टकार्डं सुधारली. अठराशे झाले. जावई पुन्हा विचारायला लागला. नातीने आकडा कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवला. 'त्या मशीनची नस सापडली मला,' त्यांनी लिहिलं. 'वेड्या, घाई करतो तो शेवटी.' घाई, आणि गायधनी! मी हसले. तेही हसले, पण थोडं उशिरा.

असे अडीच महिने गेले असतील. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. सहा वर्षांत मशीन बिघडलंय म्हणून त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती.

"हे काय म्हणतंय?"

पडद्यावर लाल ओळ होती. मी वाचून मराठीत सांगितलं. "तुमचं रेटिंग या खेळाडूने ठरवलेल्या मर्यादेत बसत नाही."

मर्यादा कुठे दिसते, ते शोधून काढलं. स्टोअर्स : १८८१. सोनटक्क्यांनी ठरवून टाकलं होतं की यापुढे सतराशेच्या खालच्या कोणाशी खेळायचं नाही. मशीन चार हरत हरत सोळाशे चाळीसवर आलं होतं.

गायधनी त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. दांडीचं दुसरं टोक, नो-गो.

"त्यात काय एवढं," मी म्हटलं. "दुसऱ्यांना हरवा. महिन्याभरात सतराशे होतील तुमचे."

"होतील. मग?"

"मग परत खेळा त्यांच्याशी."

"खरं खेळलो तर तो खाली येणार. खोटं खेळलो तर मी खाली येणार, परत इथेच." त्यांनी फडक्याने माउस पुसला, खरं तर तो पुसून झालेला होता. "त्याचं बरोबर आहे. आपल्यापेक्षा कच्च्याशी खेळून हात बिघडतो."

मला राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, "काका, एक पोस्टकार्ड टाकून मोकळे व्हा. मी लिहू का?"

"मग तो आकडा त्याचा राहणार नाही, ताई." एवढंच म्हणाले. मी पुन्हा विषय काढला नाही.

मला वाटलं, आता येणं बंद होईल. पण दुसऱ्या दिवशी साडेबाराला डबा घेऊन हजर. त्यांनी विचारलं, खेळायचं नसेल, नुसतं बघायचं असेल तर बघता येतं का? येत होतं. पाहुणा म्हणून आत जायचं, कोणाचाही डाव उघडायचा. तिथे नाव दिसत नाही, फक्त डावाच्या खाली आकडा येतो, किती जण बघतायत.

मग ते रोज सोनटक्क्यांचा डाव बघत. समोर कोणी फिनलंडचा, कोणी ब्राझीलचा. गायधनी भाकरी खात, मध्येच "नको, नको, नको" म्हणत, मध्येच "हां" म्हणत. डावाखाली ओळ असे, प्रेक्षक : एक. ती बहुतेक कधी बदलत नसे. एका पोस्टकार्डात सोनटक्क्यांनी लिहिलं, 'माझा खेळ रोज एक जण बघत बसतो. बोलत नाही. कोण आहे देव जाणे. पण असलेला बरा वाटतो. घाण चाल करायला लाज वाटते.' ते कार्ड गायधनींनी मला दोनदा वाचायला दिलं. दुसऱ्यांदा देताना आधी दिलं होतं, हे विसरले असं दाखवलं. ते काही विसरणाऱ्यांतले नव्हते.

घरोघरी इंटरनेट आलं आणि माझं कॅफे बसलं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. मी जागा झेरॉक्स आणि स्टेशनरीला करायची ठरवली आणि मशीन विकून टाकली. सिन्नरहून एक माणूस टेम्पो घेऊन आला. तो शनिवार होता. साडेबारा वाजेपर्यंत सगळी मशीन टेम्पोत गेली होती, चार नंबर सोडून. ते मी जोडलेलंच ठेवलं होतं. गायधनींना आदल्या दिवशी सांगितलं होतं, उद्या शेवटचं.

ते आले. रिकाम्या टेबलांकडे त्यांनी पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बरोबर होतं. फडकं काढलं, माउस पुसला, बसले. दारात सिन्नरवाला घाई करत होता. "मॅडम, ट्रॅफिक लागंल मला."

"अर्धा तास," मी म्हटलं.

"अंदाजे अर्धा तास का?"

चार नंबरवरून आवाज आला, "एकपर्यंत."

डाव बऱ्यापैकी अडला असावा. सोनटक्के विचार करत होते आणि गायधनी पुढे झुकून ओठांवर बोट ठेवून बसले होते. "घोडा," ते हळूच म्हणाले. "घोडा, बाबा, घोडा." पडद्यावर बराच वेळ काही हललं नाही. मग घोडा हलला. गायधनी खुर्चीला टेकले. भाकरीचा राहिलेला तुकडा त्यांनी खाल्ला, डब्याची झाकणं लावली.

एक वाजला. ते उठले. डाव अर्ध्यावर होता.

"संपू दे की, काका," मी म्हटलं. "आज शेवटचं आहे."

"भोंगा झाला," ते म्हणाले. फडकं घडी करून खिशात ठेवलं. "बरं, ताई." दारात थांबून त्यांनी सिन्नरवाल्याला सांगितलं, "त्या मशीनचा माउस चांगला आहे, सांभाळा." आणि कॉलनीच्या रस्त्याने, उन्हात, एका लयीत चालत गेले. वळणावर मनगट वर करून घड्याळ पाहिलं. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

सिन्नरवाला आत आला आणि वायरीला हात घालू लागला. मी पडद्याकडे पाहिलं. सोनटक्क्यांचा डाव चालू होता. खाली लिहिलेलं होतं, प्रेक्षक : एक.

"थांबा," मी त्याला म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले. मला बुद्धिबळातलं काही कळत नाही. पण डाव संपेपर्यंत, एक वाजून सव्वीस मिनिटांपर्यंत, मी ती वायर काढू दिली नाही.